सुट्या भागांतली आत्ती

माझ्या डाव्या पायातल्या मोज्याने आत्तीचं नाव घेतलं, तेव्हा आत्ती मला थालीपीठ वाढत होती.

"दाहात वाढ," मोजा म्हणाला. "संभाव्य कारण, पद्मावती मगदूम."

मोज्याचा आवाज थेट बसस्टँडवरच्या घोषणेसारखा आहे. आत्ती म्हणजे माझी आत्या. तिने सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केलेली. त्या आवाजात स्वतःचं नाव ऐकल्यावर ती सवयीने "आले, आले" म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, की ही गाडी लागल्याची घोषणा नव्हे.

माझी बायको ओवी चावायची थांबली. कुणाला ऐकू गेलं नसेल तर गैरसोय नको, म्हणून मोजा सगळं दोनदा सांगतो. त्याने दुसऱ्यांदा सांगितलं.

"हे काय म्हणतंय रं?" आत्तीने विचारलं. उलथनं अजून हातात, थालीपीठ अजून हवेत.

"काही नाही. यंत्र आहे. काहीही बडबडतं."

"परवा पाऊस पडंल म्हणालं, तर पडला."

तेही खरंच होतं.

हे नीट कळायला माझ्या आतड्यांपासून सुरुवात करावी लागेल. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. म्हणजे शरीराचं सैन्य, त्या पांढऱ्या पेशी, मोठ्या आतड्याच्या अस्तरालाच शत्रू समजून झोडपत बसतं. का झोडपतं, ते आज २०४१ सालीही कुणी छातीठोकपणे सांगत नाही. पोट बिघडतं, रक्त पडतं, आणि कुठल्याही नव्या गावात माणसाला देऊळ दिसायच्या आधी संडास दिसायला लागतो. बऱ्याच लोकांचं हे भांडण आतड्यापुरतंच राहतं. काहींचं मात्र घराबाहेर पडतं आणि सांध्यात, डोळ्यात नाहीतर कातडीत जाऊन बसतं. माझं कातडीत गेलं. आधी दोन्ही नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी आल्या. पोट चिडलं की त्या उठायच्या, पोट निवळलं की बसायच्या. गाठी सरळमार्गी होत्या. त्यांच्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही.

मग डाव्या नडगीवर एक पुटकुळी आली. आठवड्याभरात तिची लिंबाएवढी खोल जखम झाली, कडा जांभळ्या. तिचं नाव पायोडर्मा गँग्रिनोसम. नाव ऐकलं की वाटतं आत जंतू असतील, गँगरीन असेल. दोन्ही नसतं. हाही आपल्याच सैन्याचा पराक्रम. हे माहीत नसलेल्या एका बाहेरगावच्या सर्जनने ती जखम 'स्वच्छ' करायला म्हणून खरवडली आणि ती दुप्पट झाली. या आजारात कातडीला साधं खरचटलं, दाबलं, टोचलं, तरी पांढऱ्या पेशी मदतीला म्हणून धावत येतात आणि आल्या आल्या गाव पेटवून देतात. याला पॅथर्जी म्हणतात. आमच्या गल्लीत अशी दोन-चार माणसं आहेत, पण त्यांच्यासाठी अजून शब्द निघालेला नाही.

शेवटी मिरजेच्या डॉ. रुबीना शिकलगार भेटल्या. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या सतारी बनतात. यांनी लाकूड सोडून कातडी धरली. त्यांनी आधी गाव विझवणारं औषध सुरू केलं, मग मला जागल्या दिला.

जागल्या म्हणजे तो मोजा. चिडलेल्या पांढऱ्या पेशी आतड्यातून निघतात तेव्हा त्यांच्या अंगावर रेणूंचा एक पत्ता चिकटलेला असतो. काही पेशी पत्ता चुकतात आणि नडगीवर उतरतात. मोज्याच्या धाग्यांतून अगदी मंद प्रकाश कातडीत जातो, परत येतो, आणि येताना कोण कोण उतरलंय ते सांगतो. शिवाय मोजा घामही चाखतो. सुई कुठेच नाही. सुई असती तर माझ्या कातडीने तिच्यावरही मोर्चा काढला असता. डोळ्यांना काही दिसायच्या दोन दिवस आधी मोज्याला कळतं, मग एक छोटी गोळी वेळेवर घेतली की आग भडकत नाही. माझ्यासारख्या हजारो लोकांचे पाय या मोज्याने वाचवले आहेत. त्याबद्दल मी त्याचा मनापासून आभारी आहे, हे त्याच्या देखत सांगतो.

भानगड त्याच्या दुसऱ्या कामात होती. दाह कशामुळे वाढतो, हेही तो शोधायचा. काय खाल्लं, हवा कशी होती, झोप किती झाली, घरात कोण होतं, सगळं गोळा करून हिशेब मांडायचा. आणि मग त्या स्टँडवरच्या आवाजात निकाल द्यायचा.

थालीपिठाच्या दिवसानंतर तो निकाल रोजच यायला लागला. आत्ती घरात असली की दाह वाढायचा. आत्ती चार दिवस नात्यातल्या लग्नाला सांगोल्याला गेली, तेव्हा माझी नडगी इतकी शांत झाली की गाठींचा रंगसुद्धा उतरला. आत्ती परत आली, त्यानंतर दोनच दिवसांनी मोजा म्हणाला, "पद्मावती मगदूम."

आता आत्ती कोण, ते सांगतो. माझी आई मी दोन वर्षांचा असताना गेली. बाबा साखर कारखान्याच्या नोकरीत गावोगाव फिरत राहिले. नवरा गेल्यावर माहेरी आणि माहेरच्या आडनावावर परत आलेल्या त्यांच्या या बहिणीने मला मिरज-जत गाडीच्या कंडक्टर सीटवर मोठं केलं. एका खांद्याला पैशाची बॅग, दुसऱ्याला मी. "पुढं सरका" हे मी बोललेलं पहिलं वाक्य, असं ती अजून सांगते. म्हणजे मोजा ज्या बाईचं नाव घेत होता, ती माझी आईच होती, फक्त नात्याचं नाव वेगळं.

"तू बोल तिच्याशी," ओवी म्हणाली.

"काय बोलू? तुझ्यामुळे मला खड्डे पडतात?"

"तसं नको. ताण येतो म्हण. ताणाने होतं ना?"

"मला तिचा ताण येत नाही."

"तुला कळत नसेल. मला येतो." मग ती हळूच म्हणाली, "हे बघ, मशीनने तिचं नाव घेतल्याचा मला आनंद झाला असं समजू नकोस."

"नाही समजत."

"थोडा झाला," ती म्हणाली. "दोन मिनिटं. मग वाईट वाटलं."

ओवी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये विजेच्या बसगाड्यांतले बिघाड शोधते. आत्तीच्या मते विजेची बस म्हणजे बसच नव्हे, ती चालू आहे की बंद तेच कळत नाही. या विषयावर दोघी रोज भांडायच्या आणि भांडण संपलं की दोघी खूष असायच्या. त्यामुळे ओवीला ताण येतो हे मला खरं वाटलं नाही, पण बायकोच्या ताणावर वाद घालण्याइतका मी अजून बरा झालो नव्हतो.

बोलायची वेळच आली नाही. शुक्रवारी सकाळी आत्ती बॅग भरून दारात उभी होती.

"जयसिंगपूरला मालनकडं ऱ्हाते जाऊन. तिच्या माळ्यावरची खोली रिकामी हाय."

"आत्ती, अगं मोज्याचं काय ऐकतेस?"

"तुझा पाय चांगला ऱ्हायला पायजे. लई विचार करू नगंस." आणि मग नोकरीतल्या आवाजात, "चला, दार सोडा."

मी दार सोडलं. त्याचं मला अजूनही नवल वाटतं.

ती जयसिंगपूरला गेल्यावर माझी जखम भरायला लागली. जांभळ्या कडा फिक्या झाल्या, आतून गुलाबी कातडी चढायला लागली. डॉक्टर खूष, मोजा खूष. घरात मात्र विजेच्या बसला कुणी नावं ठेवेना आणि ओवी एकटीच जेवताना बसची बाजू मांडायला लागली.

मोज्याने असा घरोघरी गोंधळ घातला होता. कंपनीने लाखभर मोजे विकले होते आणि लाखभर माणसांच्या घरात कुणा ना कुणाचं नाव निघालं होतं. सांगलीत एकाच्या मोज्याने घरमालकाचं नाव घेतलं, त्याने भाडं कमी करून मागितलं. इचलकरंजीत एका मोज्याने नवऱ्यामुलाच्या देखत नवरीच्या काकाचं नाव घेतलं आणि लग्न काकांशिवाय पार पडलं. नंतर कळलं की नवरीकडच्यांनीही तेच ठरवलं होतं. अशा घराबाहेर पडलेल्या माणसांनी जयसिंगपुरात एक मंडळ काढलं, मोजापीडित मंडळ. दर गुरुवारी सभा. आत्ती राहायला गेली त्याच आठवड्यात मालनमावशीने, तिच्या एसटीतल्या मैत्रिणीने, तिला तिथे नेलं, आणि पुढच्या आठवड्यात आत्ती अध्यक्ष झाली. निवडणूक झाली नाही. ती उभी राहून "बसून घ्या" म्हणाली आणि सगळे बसले.

तीन महिने असे गेल्यावर एके दिवशी ओवी जेवताना म्हणाली, "आपण चुकतोय."

"कुठे?"

"बस बंद पडली की आम्ही 'बस खराब आहे' असं लिहून बस भंगारात काढत नाही. एकेक भाग लावून बघतो. बॅटरी, मोटर, वायरिंग. कुठला भाग लावल्यावर बंद पडते ते बघायचं."

"मग?"

"मग आत्ती पूर्ण आणायची नाही. सुट्या भागांत आणायची."

ती गंभीर होती. मी हिच्याशी लग्न का केलं, ते मला कधीकधी असं अचानक आठवतं.

डॉक्टरांची परवानगी घेतली. पहिल्या आठवड्यात आत्तीचा स्वयंपाक आणला. मालनमावशीच्या घरून डबा यायचा, आत्तीच्या हातचा, तिखटाने लाल. मोजा गप्प. दुसऱ्या आठवड्यात आत्तीचा आवाज आणला. रोज संध्याकाळी तासभर फोनवर तिने माझ्याशी बोलायचं, आणि ताण हवा म्हणून मुद्दाम घालूनपाडून बोलायचं, असं ठरलं.

"आदिनाथ, तुला लाज वाटती का?" तिने सुरुवात केली.

"कशाची?"

"ते मला म्हाईत न्हाई. ओवीनं रागावून बोला म्हणून सांगितलंय."

मग तिला लय सापडली. माझं दहावीतलं गणित, बाबांना फोन न करणं, मांडी न घालता जेवणं, सगळं निघालं. शेवटी ती म्हणाली, "बरं वाटलं." मलाही वाटलं. मोजा म्हणाला, "दाहात किंचित घट." पुढच्या आठवड्यात आत्तीच्या वस्तू आणल्या. तिची गोधडी, तिचं तेल, तिची ती कापराचा वास मारणारी ट्रंक. मोजा ढिम्म. आत्तीचे सगळे भाग निर्दोष निघत होते. राहिली होती ती फक्त अख्खी आत्ती.

ती शनिवारी आली. आल्या आल्या ओवीला म्हणाली, "तुझी बस आज वाटंत दोनदा उभी राहिली, आवाज न करता." ओवीचा चेहरा असा उजळला, जसा मी लग्नात बघायला हवा होता. दिवसभर आत्ती घरात होती. माझ्या शेजारी बसली, माझ्याशी भांडली, माझ्या ताटात वाढलं. मोजा एका शब्दाने बोलला नाही. रविवारी दुपारी ती परत गेली. जाताना तिच्या चेहऱ्यावर जी आशा होती, ती मी कधी तिच्या तोंडावर पाहिली नव्हती. आत्ती आशा वगैरे ठेवत नाही, ती थेट पोचते.

सोमवारी संध्याकाळी मोजा म्हणाला, "दाहात वाढ. संभाव्य कारण, पद्मावती मगदूम."

दोनदा म्हणाला.

मंगळवारी आम्ही डॉक्टरांसमोर होतो. दोन गाठी परत उठल्या होत्या आणि भरत आलेल्या जखमेच्या कडेला एक नवा जांभळा ठिपका होता. डॉक्टरांनी तो बराच वेळ पाहिला.

"शनिवारचा दिवस सांगा," त्या म्हणाल्या. "उठल्यापासून. काही गाळू नका."

मी सांगितलं. चहा, आंघोळ, पट्टी, आत्ती, बसची निंदा, जेवण, गप्पा, जेवण.

"मग?"

"मग मोजा काढून चार्जिंगला लावला. तो तेवढाच तासभर काढायचा असतो. मग झोपलो."

"लगेच?"

"लगेच. म्हणजे, आत्तीनं पाय चोळल्यावर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ओवी हळूहळू माझ्याकडे वळली.

"पाय कशाने चोळल्यावर?" डॉक्टरांनी विचारलं.

"काशाच्या वाटीनं. आणि तुपानं. आपल्याकडे चोळतात ना, तळपायाची उष्णता निघते. ती गुडघ्यापर्यंत चोळते, कारण तिच्या मते उष्णता वर चढते. पट्टीला हात लावत नाही, कडेकडेनं चोळते. आणि गाठी असल्या की जरा जोर लावते, गाठी फुटाव्यात म्हणून."

"रोज?"

"ती घरात असली की रोज. लहानपणापासून. मी त्यातच झोपतो."

"मगदूम," डॉक्टर अगदी शांतपणे म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, काही घरगुती उपाय करता का?"

"हा उपाय नाही डॉक्टर," मी म्हणालो. "ही आत्ती आहे."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. ओवीने कपाळाला हात लावला. तिनेही ते रोज पाहिलं होतं. पण रोज पाहिलेली गोष्ट कुणी पुरावा म्हणून पाहत नाही.

"बघा," डॉक्टर म्हणाल्या, "आजार त्यांनी दिलेला नाही. तो तुमच्या पेशींचाच आहे. पण तुमच्या नडगीला साधा दाब सहन होत नाही आणि त्या रोज त्याच कातडीवर धातू घासतायत. सैन्याला तेवढं निमित्त पुरतं. मोजा दिवसभर सगळं पाहतो. त्याच्या नजरेआड होतो तो एकच तास, आणि नेमकं त्याच तासात हे. त्याला कृती दिसलीच नाही. त्याला दिसलं एवढंच, की ही बाई असली की पाय पेटतो."

"म्हणजे आत्ती येऊ शकते घरी?"

"आजच आणा."

गाडीत बसल्यावर मी ओवीला म्हणालो, "तिला सांगायचं नाही."

"काय?"

"मोजा बिघडला होता म्हणू. आत्ती, इतकी वर्षं तू ज्या मायेनं चोळत होतीस, त्यानंच माझा पाय... हे कसं सांगू? मोजा बिघडला, एवढंच."

"मग ती येईल आणि जेवण झालं की वाटी काढेल."

"वाटी हरवली म्हणू."

"नवी आणेल."

"मला आता आवडत नाही म्हणू."

ओवीने नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मीच ते वाक्य मनात एकदा आत्तीच्या आवाजात ऐकलं. 'आवडत न्हाई व्हय?' नको. त्यापेक्षा जखम बरी.

"खरं सांग," ओवी म्हणाली. "बिघाड कुठे आहे ते सांगितल्याशिवाय मी कधी गाडी परत रस्त्यावर सोडत नाही."

डॉक्टर 'आजच' म्हणाल्या होत्या, पण मला धीर यायला दोन दिवस लागले आणि गुरुवारी मी जयसिंगपूरला गेलो. सभा एका मंगल कार्यालयाच्या लहान हॉलमध्ये होती. आदल्या दिवशी कुणाचा तरी पहिला वाढदिवस झाला असावा. भिंतीवर फुग्यांची कमान आणि 'शौर्य एक वर्षाचा झाला' असा फलक तसाच होता. खाली पंचवीसेक उदास माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. पहिल्या रांगेत एक पिंजरा होता, त्यात पोपट. सांगलीच्या एका बाईच्या मोज्याने त्याचं नाव घेतलं होतं. तिने पोपट घराबाहेर काढला तेव्हा तिचे यजमान, हणमंतराव भोकरे, सहानुभूती म्हणून त्याच्याबरोबर बाहेर पडले होते.

मला आत्तीशी एकटीशी बोलायचं होतं. पण तिने मला दारातच धरलं.

"आलास? बस. सभा सुरू हुतीया."

"आत्ती, मला जरा..."

"मागं जागा हाय. पुढं सरका तुम्ही, त्याला पाय पसरायला लागतो."

शेजारच्या बाईंनी आपुलकीने विचारलं, "तुम्हाला कुणाच्या मोज्यानं काढलं?"

"मला नाही काढलं," मी म्हणालो. "माझ्याच मोज्यानं काढलंय."

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. मग सगळ्या रांगेने पाहिलं. पिंजऱ्यातून पोपटानेही मान वाकडी करून पाहिलं.

"हा माझा भाचा," आत्ती पुढून म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीचा अभिमान होता, तो बघून मला आणखीच वाईट वाटलं. "मोजावाला हाय, पण मन चांगलं हाय त्याचं. ऊठ आदू. कशाला आलायस, सगळ्यांना सांग. हितं आपल्यात लपवालपवी नसती."

मी उभा राहिलो. मोजा बिघडला होता, हे वाक्य तोंडात तयार होतं. पण पंचवीस माणसं माझ्याकडे बघत होती, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न होता जो तीन महिने आत्तीच्या चेहऱ्यावर असणार. मी खरं सांगितलं. कातडीचं सांगितलं, दाबाचं सांगितलं, मोजा काढतो त्या तासाचं सांगितलं. वाटीचं सांगताना मी आत्तीकडे न बघता फुग्यांकडे बघत होतो.

संपलं. आत्ती टेबलाला धरून खाली बसली.

"म्हंजे मी जे चोळत हुते..."

"हो."

"त्यानंच तुझ्या पायाला..."

"हो. पण आजार तुझ्यामुळं नाही, आत्ती. डॉक्टर म्हणाल्या..."

"थांब." तिने हात वर केला, धावती गाडी थांबवतात तसा. "मग मी न्हाई? वाटी?"

"तू नाहीस. वाटी."

तिने डोळे मिटले. पदर तोंडाला लावला.

"तीन महिनं," ती पदराआडून म्हणाली, "तीन महिनं मी ह्या सगळ्यांना धीर द्यायची, आन् घरी जाऊन इचार करायची, माझ्या अंगातच काय इख हाय का काय. पोराजवळ नुसती बसली तरी त्याचा पाय सडतुया. आरशात बघायची बंद झाले हुते मी." तिने पदर काढला. डोळे ओले होते, पण चेहरा धुतल्यासारखा मोकळा. "वाटी हुती व्हय! मग वाटीचं काय एवढं? नगं तर नगं. मी सोताला कुठं टाकू, ह्याचीच मला काळजी हुती."

मग तिला काहीतरी आठवलं आणि ती एकदम लहान दिसायला लागली.

"मग आता रात्री जेवल्यावर मी काय करू रं?"

"डॉक्टर तुला पट्टी बदलायला शिकवणार आहेत. चोळायचं नाही, ओढायचं नाही. औषधाच्या पाण्यानं भिजवायची आणि एकेक धागा सुटेपर्यंत वाट बघायची. ओवीला जमत नाही, ती घाई करते. तास लागतो."

"तास?" आत्ती म्हणाली. तिला ते आवडलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या मालगावे काकू उठल्या. त्यांच्या जावयाच्या मोज्याने त्यांचं नाव घेतलं होतं.

"एक विचारू का?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "मी काही चोळत वगैरे नाही. जावई संध्याकाळी बॅडमिंटन खेळून येतात, गुडघा दुखतो त्यांचा. मी आपली माझी कंबरदुखीची गोळी देते. रोज एक. चहाबरोबर. माझ्याकडे आले की हक्काने मागतात."

"दुखण्याची गोळी?" मी म्हणालो. "काकू, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी आमचं आतडं चिडतं. मला तर सक्त मनाई आहे. त्यांच्या डॉक्टरांना माहीत आहे का?"

काकूंनी पर्समधून फोन काढला, लेकीला लावला आणि बोलत बोलत बाहेर गेल्या. "अगं शर्मिले, फोन ठेवू नकोस, मी नव्हे, गोळी!"

त्यांच्यामागे एक साहेब उठले. त्यांच्या हाताखालच्या मुलाच्या मोज्याने त्यांचं नाव घेतलं होतं. ते विचार करत म्हणाले, "माझी केबिन. तिथे मी त्याला तासन् तास उभं करतो, आणि मागे त्या लोखंडी कपाटाची कड आहे. त्याची पोटरी तिथेच..." पुढचं ते जिन्यावर बोलले. भोकरेंनी पिंजऱ्याकडे पाहिलं.

"हा तिच्या मांडीवर बसतो," ते म्हणाले, "आणि लाडात आला की चावतो. नडगीला. अगदी हळू."

सगळ्या हॉलने पोपटाकडे पाहिलं. इतक्या माणसांत तो एकटाच खरोखर दोषी निघाला, आणि त्याला त्याचं काहीही वाटलेलं दिसत नव्हतं.

त्यानंतर पाच-दहा मिनिटांत हॉल रिकामा झाला. जिन्यावर, रस्त्यावर, रिक्षात, जो तो कुणाला तरी फोन करत होता आणि आपण जीव लावून काय काय करत होतो ते आठवून सांगत होता. काहींची कारणं सापडणार नव्हती, तेही डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. पण विचारायचं काय ते आता प्रत्येकाला कळलं होतं. भोकरे सगळ्यात शेवटी गेले. पिंजरा छातीशी धरून, पोपटाला समजावत.

आत्ती कमरेवर हात ठेवून रिकाम्या खुर्च्यांकडे बघत उभी होती.

"बुडवलंस माझं मंडळ," ती म्हणाली. "एवढं चांगलं चाललं हुतं."

"सॉरी."

"आता घरीच यावं लागंल."

मी खुर्ची उचलायला वाकलो.

"हां! पायाला लागंल. बस तिथं गप."

मी बसलो. ती एकेक खुर्ची दुसरीत अडकवत राहिली, माझ्याभोवती फिरत, माझ्या पायाला हातभर जागा सोडून. ओवीच्या बसबद्दल तिला काय काय बोलायचं आहे ते ती मधूनमधून मला सांगत होती. हॉलच्या कोपऱ्यात खुर्च्यांचा मनोरा कमानीच्या फुग्यांपर्यंत गेला. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

"ऊठ," ती म्हणाली. "तू बसलायस ती शेवटची."